लोकरीचे मोजे: महागडी जोडी आधी का विरली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ट्रेकसाठी लोकरीच्या मोज्यांच्या दोन जोड्या घेतल्या. एक साडेचौदाशेची, लेबलवर 80 टक्के मेरिनो (बारीक, मऊ लोकरीची मेंढीची जात) लिहिलेली. दुसरी साडेसहाशेची, लेबलवर नुसतं ‘वूलन’. सहा ट्रेकमध्ये महागडीची टाच विरली. स्वस्तातली शाबूत आहे, पण टोचते आणि एका दिवसात वास मारते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तराखंडातल्या केदारकांठ्याला निघायचंय. तर आता कोणती जोडी घ्यायची, आणि ती टिकेल का, पायाला सोसेल का, हे निघण्याआधी कसं ओळखायचं?

मी बावीस वर्षं ट्रेक नेतो आहे, सह्याद्रीत वर्षभर आणि हिवाळ्यात हिमालयात. मुक्कामाला पोचल्यावर लोकांचे बूट-मोजे काढून पाय बघणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्या अनुभवावरून सांगतो, तुम्ही एकच प्रश्न विचारलाय असं वाटत असलं तरी ते दोन आहेत. मोजा टिकणं वेगळं आणि पायाला बरा वाटणं वेगळं. लोकरीच्या बाबतीत तर या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. तुमच्या दोन जोड्यांनी नेमकं तेच दाखवलंय.

उघड्या पायांनी घोंगडीवर बसून बघा. दख्खनी मेंढीची लोकर, चिंचोक्याची खळ लावून विणलेली ती घोंगडी माणसाची अर्धी हयात टिकते, पण टोचते. लोकरीचा तंतू साधारण 30 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड झाला की त्याचं टोक कातडीला टेकल्यावर वाकत नाही, रुततं. मेरिनोचा तंतू 17 ते 22 मायक्रॉनच्या आसपास असतो. माणसाचा केस 70 धरला तर त्याच्या पाव-तिसऱ्या हिश्श्याइतका. त्याचं टोक वाकतं, म्हणून तो मऊ लागतो. आणि बारीक आहे म्हणूनच घासला की लवकर तुटतो. म्हणजे ज्या गुणासाठी आपण जास्त पैसे मोजतो, तोच गुण टाचेवर आधी हार मानतो. हे टाळण्यासाठी कंपन्या त्यात नायलॉन घालतात. 80 टक्के मेरिनो हा आकडा दुकानात छान वाटतो, पण पाठीवर सॅक घेऊन दगडांवरून चालायचं असेल तर मी 60 ते 70 टक्के लोकर, 25 ते 35 टक्के नायलॉन आणि दोन-चार टक्के ताणाचा धागा अशी जोडी घेतो. लेबलवर नायलॉनऐवजी पॉलिअमाइड लिहिलेलं असेल, ते एकच. टाच आणि चवड्याला नायलॉनची जादा वीण असेल तर उत्तम.

आता, टाच विरली यात सगळा दोष मोज्याचा असेलच असं नाही. विरलेली जागा नीट बघा. टाचेच्या मागे, बुटाच्या काठाखाली विरली असेल तर बूट टाचेला सैल आहे आणि प्रत्येक पावलाला पाय वर-खाली सरकतोय, किंवा बुटाचं अस्तर फाटलंय. टाचेच्या तळाला विरली असेल तर आतली गादी खरखरीत झाली आहे किंवा मोज्यात बारीक मुरूम साठून राहतोय. अंगठ्यापाशी भोक असेल तर नख. मोजा मनगटापर्यंत हातात चढवा आणि बुटात हात घालून टाचेच्या बाजूने सावकाश फिरवा, तो कुठे अडकतो ते कळेल. गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एकाने पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत तीन जोड्या संपवल्या होत्या आणि चौथी कोणती घेऊ असं विचारत होता. मी त्याच्या उजव्या बुटात हात घातला. अस्तर दहा रुपयांच्या नाण्याएवढं उडालं होतं, खालचा फोम गेला होता आणि आतल्या कडक टाचेची धार बोटाला लागत होती. त्या बुटात कुठलाही मोजा टिकला नसता. तुमचा बूट असा असेल तर आधी चांभाराकडून अस्तर लावून घ्या. नवीन मोज्यांचा खर्च त्यानंतर.

म्हणून बूट, पायाला येणारा घाम, शरीराचं आणि पाठीवरचं वजन, वाट कुठली, ऋतू कोणता, यावर माझं उत्तर बदलतं. कुणी ‘अमुक जोडी हजार किलोमीटर टिकते’ म्हणाला तर तो त्याच्या पायाबद्दल बोलतोय. प्रयोगशाळेत मार्टिनडेल नावाचं यंत्र असतं. त्यात कापडाचा तुकडा ठरावीक दाबाखाली दुसऱ्या कापडावर गोल-आडवा घासतात आणि किती फेऱ्यांनंतर धागा तुटला ते मोजतात. दोन कापडांची तुलना करायला ते चांगलं आहे. पण त्या यंत्राला घाम येत नाही आणि त्याच्या मोज्यात रतनगडाचा मुरूम जात नाही. ती चाचणी आपल्यालाच करावी लागते, आणि ती घरी करता येते.

स्वस्तातल्या जोडीपासून सुरुवात करू. आतल्या बाजूने एक सुटा धागा कात्रीने कापा, चिमट्यात धरा आणि बेसिनवर काडी लावा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की ती विझते आणि काळी राख बोटांनी चुरडता येते. ॲक्रिलिक वितळतं आणि शेवटी कडक काळा मणी उरतो. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा थोड्या-थोड्या दिसतात, त्यामुळे यावरून टक्केवारी ठरवू नका. पण केसाचा वास मुळीच आला नाही तर ‘वूलन’ हा शब्द तुम्हाला फसवून गेलाय. एका दिवसात वास मारणारी जोडी बहुतेक वेळा अशीच निघते. लोकर घाम आणि वासाचे कण आत ओढून घेते, म्हणून ती दोन-तीन दिवस सहन होते. प्लॅस्टिकच्या धाग्यात ते पृष्ठभागावरच राहतात.

नवीन जोडी घेतलीत की पायात घालण्याआधी ती उलटी करा. बोटांपुढच्या शिवणीवरून अंगठ्याचं नख फिरवा. नख अडकून उडी मारत असेल तर ती शिवण उतारावर करंगळीला काचणार. चांगल्या मोज्यात ती सपाट जोडलेली असते, नख जवळपास सरळ जातं. मग तळव्याकडची टॉवेलसारखी फासांची वीण बघा. ती टाच आणि चवड्याखाली हवी. पायाच्या वरच्या बाजूला पातळ वीण असेल तर वाफ बाहेर पडायला वाट मिळते. त्यानंतर मोज्यात हात घालून पंजा ताणा आणि खिडकीसमोर धरा. टाचेतून उजेड किती येतो ते बघा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दर पाच धुण्यांनंतर त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला पुन्हा फोटो काढा. विरणं हाताला जाणवण्याच्या बरंच आधी फोटोत दिसतं. मला या एका सवयीने जितकं शिकवलं तितकं कुठल्याही लेबलने नाही.

काही जण मोजे स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून झीज मोजतात. मीही काही वर्षं ते केलं, आणि त्यात एक फसगत आहे. लोकर हवेतला ओलावा सतत घेते-सोडते. स्वतःच्या वजनाच्या जवळपास 30 टक्के ओलावा ती हाताला ओली न लागता धरून ठेवू शकते. 80 ग्रॅमच्या जोडीत मार्चमधली पुण्याची कोरडी हवा आणि जुलैमधली दमट हवा यांच्यामुळेच पाच-सहा ग्रॅमचा फरक पडतो, आणि एका मोसमाची झीज साधारण तेवढीच किंवा त्याहून कमी असते. तोलायचंच असेल तर शेजारी एक न वापरलेली जोडी ठेवून दोन्ही एकाच दिवशी तोला आणि फरकाकडे बघा. त्या फरकावर विश्वास ठेवता येतो.

पोळी-भाजी होईपर्यंतच्या वेळात करता येईल अशी आरामाची पहिली चाचणी म्हणजे इमारतीचा जिना. ट्रेकचाच बूट, सात-आठ किलोची सॅक, चाळीस मिनिटं वर-खाली. मग बूट-मोजे काढून लगेच पाय बघा. मोज्याच्या विणीचा हलका ठसा सगळीकडे सारखा उमटला असेल तर ठीक. एखादी रेघ दहा मिनिटांनंतरही तशीच असेल, किंवा एखादी जागा लाल आणि गरम लागत असेल, तर आठ तासांच्या चालीत तिथे फोड येणार. मोज्याची टाच तुमच्या टाचेवर बसली आहे ना, तेही याच वेळी कळतं. ती वर घोट्याकडे सरकली असेल तर मोजा मोठा आहे. मोठ्या मोज्याला घड्या पडतात आणि घडीखाली फोड ठरलेला. ‘6 ते 9’ आणि ‘9 ते 12’ अशा दोन मापांच्या सीमेवर पाय असेल तर मी लहान माप घ्यायला सांगतो, फक्त बोटं पुढून ओढली जात नाहीत ना ते बघून.

जिना पार पडला की आतकरवाडीतून सिंहगड. चढताना टाचेचा कस लागतो, उतरताना बोटांचा. अर्ध्या चढावर थांबून एकदा मोजे काढाच. लोक वर पोचेपर्यंत कळ सोसतात आणि मग फोड आलेला असतो. ओलसर झालेली कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त घट्ट चिकटते आणि आतल्या आत ओढली जाते, फोड त्या ओढीने येतो. म्हणून मोजा घाम किती चटकन कातडीपासून दूर नेतो, हे त्याच्या मऊपणाइतकंच महत्त्वाचं. अर्ध्या चढावर तळवा सुरकुतला असेल तर तुमच्या घामाला ती वीण फार जाड आहे. तेव्हा मधल्या जाडीची जोडी घ्या, किंवा बुटात जागा असेल तर आत अगदी पातळ सिंथेटिक मोजा घालून बघा.

आता माझी सगळ्यात आवडती चाचणी, जी मी प्रत्येक नवीन खरेदीला लावतो. दोन वेगळ्या जोड्यांची तुलना करायची असेल तर एका ट्रेकला डाव्या पायात एक आणि उजव्यात दुसरी घाला. पुढच्या ट्रेकला पाय बदला. मग पुन्हा बदला. वाट तीच, घाम तोच, सॅक तीच, हवा तीच, त्यामुळे राहिलेला फरक मोज्याचाच. पाय बदलणं विसरू नका. बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो आणि एका पायावर उतारात जास्त भार येतो. चार ट्रेकनंतर कुठला मोजा काढल्यावर बरं वाटलं आणि कुठल्याची टाच खिडकीत पातळ दिसते, हे तुम्हाला कुणाला विचारावं लागत नाही. प्रत्येक वेळी परतीच्या गाडीतच चार ओळी लिहून ठेवा, कारण सोमवारी आठवण गोड झालेली असते.

पावसाळ्याबद्दल खरं सांगायला हवं. जुलैच्या सह्याद्रीत ओढा ओलांडला की बुटात पाणी जातं, मोजा कुठलाही असो. लोकर पाय कोरडा ठेवत नाही. ओली असतानाही ती पूर्ण थंडगार पडत नाही आणि तिचे फास सुतासारखे लोळागोळा होऊन बसत नाहीत, एवढाच तिचा फायदा. पण वाळायला ती वेळ घेते. माझी मधल्या जाडीची जोडी ऑक्टोबरात पंख्याखाली रात्रभरात वाळते, जुलैत दीड दिवस. म्हणून पावसाळी एकदिवसीय ट्रेकला मी पातळ मोजे घालतो आणि मुक्काम असेल तर कोरडी लोकरीची जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळी नेतो. चांगल्या जोड्या जुलैच्या चिखलात खर्च करू नका.

तुम्ही ज्या दिवसांत चाचणी करणार आहात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर, तेव्हा मोज्यांचा मोठा शत्रू दगड नसून कुसळं आहेत. डोंगरउतारावरचं गवत पिवळं पडलं की एका तासात मोजा साळिंदरासारखा दिसतो. बहुतेक जण बसल्या जागी कुसळ धरून मागे ओढतात आणि त्याच्याबरोबर लोकरीचा फास बाहेर येतो. कुसळाच्या टोकाजवळ मागे वळलेले बारीक केस असतात, ते मागे येताना अडकतात. मोजा उलटा करा, आत आलेलं अणकुचीदार टोक नखांत धरा आणि ते ज्या दिशेने घुसलंय त्याच दिशेने पुढे काढून घ्या. वेळ लागतो, पण वीण वाचते. त्याहून सोपं म्हणजे या दोन महिन्यांत गेटर, म्हणजे बुटावरून पोटरीपर्यंत येणारं कापडी आवरण, बांधणं. विशेषतः नवीन जोडीची परीक्षा चालू असताना बांधाच, नाहीतर कुसळांची झीज तुम्ही मोज्याच्या नावावर लिहाल.

धुण्यात अर्धी जोडी संपते, हे मी आमच्या प्रत्येक गटाला सांगतो. घामाचं मीठ आणि मुरुमाची धूळ विणीत राहिली तर पुढच्या ट्रेकला मोजा आतून पॉलिश पेपरसारखा घासत राहतो. म्हणून मोजे उलटे करून, गार पाण्यात, रिठ्याच्या पाण्यात किंवा साध्या शांपूत धुवा. डाग खाणारी एन्झाइमची पावडर नको. लोकर हे प्रथिन आहे, आणि ती पावडर प्रथिनंच तोडते. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत पसरून वाळवा. गरम पाण्यात रगडलं तर तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि मोजा आटतो. वर बारीक गोळे धरले तर घाबरू नका, पहिल्या काही ट्रेकनंतर ते कमी होतात. ओढून काढू नका, कात्रीने कापा. ठेवताना कडुनिंबाचा वाळलेला पाला बरोबर ठेवा. मोसमाबाहेर आठ महिने पडून राहिलेल्या जोडीला कसर लागली तर सगळी मेहनत वाया.

आणि शेकोटीवर मोजे वाळवू नका. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. पहिल्या काही हिमालयीन ट्रेकपैकी एकात, बर्फातून आल्यावर मी ओले मोजे काठीला अडकवून शेकोटीशेजारी धरले. लोकर होती, पेटली नाही, आणि मी बिनधास्त गप्पा मारत बसलो. सकाळी घालताना टाचेपाशी करवंटीसारखी कडक चकती हाताला लागली. आतलं नायलॉन वितळून थिजलं होतं. दुसरी कोरडी जोडी नव्हती, त्यामुळे तीच घालून चाललो आणि दुपारपर्यंत टाच सोलवटली. ओला मोजा वाळवायला रात्री झोपताना तो अंगाजवळ, पोटावर थर्मलच्या आत ठेवा. सकाळपर्यंत बराच वाळतो.

आता तुमच्या केदारकांठ्याकडे वळू. सांक्रीहून निघून माथा साधारण 3,800 मीटर, आणि डिसेंबरात वाटेवर बर्फ. इथे एक चूक मी दर वर्षी बघतो. थंडीच्या भीतीने लोक एकावर एक दोन जाड जोड्या घालतात, बूट आवळून जातो, बोटांचा रक्तपुरवठा कमी होतो आणि पाय आणखी गार पडतात. मोजा घातल्यावर बुटात बोटं मोकळी हलली पाहिजेत. हलत नसतील तर मोजा पातळ करा किंवा बूट मोठा घ्या. तिथे ऊब बोटांभोवती अडकलेल्या हवेतून मिळते. दाबलेल्या लोकरीत ती हवाच उरत नाही.

तुमच्या हातात दहा आठवडे आहेत, ते असे वापरा. या आठवड्यात बुटात हात घालून अस्तर तपासा आणि साडेसहाशेच्या जोडीचा धागा जाळून बघा. मग 65 टक्क्यांच्या आसपास मेरिनो असलेली, मधल्या जाडीची, पोटरीच्या निम्म्यापर्यंत येणारी एकच जोडी घ्या, तीन नको. खिडकीतला फोटो, दोन संध्याकाळी जिना, एकदा सिंहगड. त्यानंतर राजगड-तोरणा किंवा हरिश्चंद्रगड असा लांब पल्ला, डावी-उजवी चाचणीसह. एका पायात नवीन आणि दुसऱ्यात तुमची विरलेली मेरिनो घालायला हरकत नाही, तिच्या विरलेल्या जागेला सपाट रफू करून घ्या. तळव्याखाली मात्र रफू करू नका, ती गाठ फोड आणते. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चार ट्रेक आणि पाच धुणी झाली असतील. फोटोत टाच जवळपास आहे तशी असेल, पायावर लाल डाग नसेल, बोटं हलत असतील, तर त्याच मोज्याची आणखी एक जोडी घ्या. नसेल तर बदलायला अजून महिना हातात आहे.

ती दुसरी जोडी सुद्धा एकदा धुऊन एक दिवस घालून घ्या, कोरी नेऊ नका. या दोन चालायला, आळीपाळीने. विरलेली जुनी जोडी तिसरी, फक्त झोपायला. ती मऊ आहे, आणि तंबूत टाचेला घासायला काहीच नसतं. ती झिपच्या पिशवीत घालून सॅकच्या तळाशी ठेवा आणि पहिल्या मुक्कामाला पाय कोरडे पुसल्याशिवाय बाहेर काढू नका.